चार दिवसांसाठी आलेली

मुलांच्या कादंबरीतलं घर सुखात असेल तर कादंबरी पहिल्याच पानावर संपायची. म्हणून लेखक आधी घराची दशा करून ठेवतो. बाप पैशाच्या काळजीत, आई भांबावलेली, पोरं उंडारलेली, स्वयंपाकीण फुगून बसलेली, भिंतींचा रंग उडालेला. एवढी जय्यत तयारी झाली की दार वाजतं आणि भलतंच कोणीतरी येऊन उभं राहतं. ज्याला बोलावणं गेलं तो मात्र यायचा नाही. आमच्याकडचा वायरमनही याच नियमानं चालतो, फक्त त्याच्यावर अजून कोणी कादंबरी लिहिलेली नाही.

या जातीच्या पुस्तकांत सगळ्यात जास्त नाव झालं ते ‘मेरी पॉपिन्स’चं. पी. एल. ट्रॅव्हर्सबाईंचं हे पुस्तक १९३४ साली आलं. लंडनच्या चेरी ट्री लेनमध्ये सतरा नंबरचं घर, गल्लीतलं सगळ्यात लहान आणि पार कळा गेलेलं. घरधनी बँक्ससाहेबांनी बायकोला सरळ विचारून ठेवलेलं असतं की तुला नीटनेटकं घर हवं की चार पोरं, दोन्ही परवडायचं नाही. बाईंनी पोरं पत्करली. मग एके दिवशी पोरं सांभाळणारी दाई कोणाला काही न सांगता निघून जाते, संध्याकाळी पूर्वेचं वारं सुटतं आणि ते वारं एका बाईला उचलून दारात आणून टाकतं. हातात छत्री आणि गालिच्याच्या कापडाची पिशवी. पिशवी पाहावी तर रिकामी, पण तीतून साबण निघतो, एप्रन निघतो, शेवटी अंथरूण-पांघरुणासकट खाटही निघते. जिन्याच्या कठड्यावरून सगळं जग घसरत खाली येतं, ही घसरत वर जाते. औषधाची बाटली एकच, पण एका पोराला त्यात आइस्क्रीमची चव लागते आणि दुसरीला सरबताची.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आलेल्या नातीला मी हे पुस्तक वाचून दाखवत होतो. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं मराठी सांगायचं, असा कारभार. बाहेर धानाची मळणी सुरू, शेजारच्या गावात मंडईची जत्रा, भोंग्यावर दंडारीची जाहिरात. या सगळ्यातून लंडनला पोचायचं म्हणजे कसरतच. पोरीनं मला फार लांब जाऊही दिलं नाही. दोन पानं झाली असतील नसतील, तोच तिनं विचारलं, “आबाजी, ही बाई अड्याळला आली असती तर?”

पहिली अडचण वाऱ्याची. पूर्वेचं वारं आमच्याकडेही रिकाम्या हातानं येत नाही. बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की भंडाऱ्याच्या बांध्या भरतात आणि रोवणे लागतात. तेव्हा त्या वाऱ्यावर बाई येणं अगदीच अशक्य म्हणता येणार नाही. पण ती नेमक्या अड्याळला उतरेल याची खात्री काय? अड्याळ दोन आहेत. एक आमचं, भंडारा-पवनी रस्त्यावरचं. दुसरी ब्रह्मपुरीकडची अड्याळ टेकडी, ती चंद्रपूर जिल्ह्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे अनुयायी गीताचार्य तुकारामदादा यांच्यामुळे नावारूपाला आली ती ही टेकडी. बाहेरच्या माणसाला अड्याळ म्हटलं की तीच आठवते. वाऱ्यानं आलेली बाई हमखास तिथं उतरली असती, तिच्या हातातली छत्री बाजूला ठेवून लोकांनी तिला श्रमदानाला लावलं असतं आणि आमचं घर होतं तसंच राहिलं असतं.

समजा, चुकतमाकत एसटीनं आली आमच्याकडे. पुस्तकात बँक्सबाई तिच्याकडे आधीच्या मालकांची शिफारसपत्रं मागतात आणि ती नाकाचा शेंडा उडवून सांगते की अशी पत्रं देण्याची आपली रीत नाही. झालं, मुलाखत संपली. अड्याळात मुलाखत एवढ्यात आटपायची नाही. बस स्टँडवरूनच सुरू झाली असती. कोनत्या गावची? कोनाची? आडनाव काय? पॉपिन्स म्हणजे कोन? तिसऱ्या प्रश्नाला तिची कोणीतरी चुलत मामी साकोलीला निघाली असती, चौथ्याला त्या मामीची सोयरीक लाखनीत, आणि पाचव्या प्रश्नाला आमची मेव्हणी म्हणाली असती, “मंग आपलीच व्हय न थे.” शिफारसपत्र मागणारी माणसं भोळी म्हणायची. जी मागत नाहीत ती सातपिढ्यांचा उतारा काढतात.

छत्रीचं तर काही विचारूच नका. रोवण्याच्या चिखलात वाकलेल्या बाईच्या दोन्ही हातांत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, असतात. तिथं डोक्यावर प्लास्टिक नाही तर युरियाच्या पोत्याची खोळ. छत्री धरायला तिसरा हात लागेल, आणि तो असता तर त्यातही तिनं पऱ्हेच धरले असते.

नात हसली. मग पुस्तक पुढे सरकलं तशी ती जरा गंभीर झाली. “ही बाई वाईट आहे का हो आबाजी? सारखी चिडते.”

बरोबर पकडलं पोरीनं. ज्यांनी १९६४ चा डिस्नेचा चित्रपट आधी पाहिला त्यांना हा धक्का बसतोच. चित्रपटात ज्युली अँड्र्यूज गाते, हसते, त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करही मिळालं. पुस्तकातली मेरी पॉपिन्स नाक मुरडते. दुकानाच्या काचेत स्वतःचं रूप न्याहाळत उभी राहते. पोरांना आभाळापर्यंत फिरवून आणते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची आठवण काढली तर फणकाऱ्यानं म्हणते की असलं काही झालंच नाही, माझ्याबद्दल वेडंवाकडं बोलू नका. गोड शब्द तिच्या तोंडून क्वचित निघतो. तरी पोरं तिच्यावर जीव टाकतात. ट्रॅव्हर्सबाईंना चित्रपट फारसा रुचला नाही, हे जगजाहीर आहे. मला त्यांचं पटतं. बाईंना मदतीला येणारं माणूस जवळून ठाऊक होतं, आणि चित्रपटवाल्यांनी त्या माणसाला साखरेत घोळून काढलं.

ट्रॅव्हर्सबाई मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, जन्म १८९९ चा. वडील बँकेत होते, मॅनेजरच्या खुर्चीवरून खाली उतरवले गेले आणि १९०७ साली वारले. मागे आई आणि तीन मुली, थोरली जेमतेम सात वर्षांची. अशा वेळी या घराला आधार दिला आईच्या एका म्हाताऱ्या आत्यानं. ही आत्याबाई म्हणजे फटकळ, करारी, सगळ्यांना धारेवर धरणारी, आणि आतून मऊ असल्याचा संशयही कोणाला येऊ न देणारी. तिच्यावर लेखिकेनं पुढे १९४१ साली एक छोटं पुस्तकच लिहिलं. म्हणजे ती छत्री नि ती पिशवी घेऊन लंडनच्या आभाळातून जी उतरली, तिचं मूळ घर नात्यागोत्यातलंच होतं. हे वाचलं आणि मला आमची मावशी आठवली.

ती कोणाची मावशी हे आईलाही बोटं मोजूनच सांगावं लागे. लाखांदूरकडची, विधवा, मूलबाळ नाही. आमच्या वडलांना एका पावसाळ्यात हिवतापानं आडवं केलं होतं. पऱ्हे वाढून पिवळे पडायला लागलेले, गावातले सगळे हात दुसऱ्यांच्या बांध्यांत गुंतलेले, आई पहाटे चिखलात जायची ती दिवेलागणीला परत. घरात आम्ही पोरं आणि एक शेळी. कर्तबगारीचा क्रम लावायचा झाला तर शेळी वर. अशात एक दिवस बंडीतून बोचकं घेऊन मावशी उतरली. तिला कोणी निरोप धाडला नव्हता. सपरीत बोचकं टेकवत म्हणाली, “चार दिवस आहो बाई, मंग जातो.”

पाणी पिण्याआधी तिनं घरात एक फेरी मारली. चुलीकडे पाहिलं, उतरंडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना मिळून एकच निकाल दिला, “अगाई!”

त्या दिवसापासून घर चालायला लागलं आणि घरातली शांतता गेली. पहाटे आईच्या आधी उठून ती पेज शिजवायची, आणि पेज शिजेपर्यंत लाकडं ओली असल्याबद्दल पावसाला, लाकडं आत न घेतल्याबद्दल आम्हाला आणि आम्हाला वळण न लावल्याबद्दल आईला बोलून घ्यायची. आई बिचारी शेतातून आल्यावर भात वाढून घेते न घेते, तोच हिचं सुरू, “काहून वो, धुऱ्यावरची भाजी तोडून आनली असती तं हात मोडले असते का?” वडलांचा ताप उतरला त्याचं श्रेय तिनं काढ्याला दिलं, आणि त्यांना थकवा होता त्याचा दोष कुनैनला. लाखोरीची वाळवलेली भाजी तिच्या हातची जशी व्हायची तशी पुन्हा कधी खाल्ली नाही. पण ती वाढतानाही कोथिंबिरीवरून म्हणायची, “सांबार नाही घरात. गिळा तसंच.”

रात्री झोपताना अंधारात हाताला गुळाचा खडा लागायचा. कोणी दिला ते दिसायचं नाही. सकाळी मात्र मावशी गुळाचं मडकं उघडून ओरडायची, “कोन खाल्लन रे गूळ? चोट्टे हो!” आम्ही खाली मान घालून शिव्या खायचो. गुळासाठी एवढी किंमत रास्त वाटायची. मेरी पॉपिन्स आभाळाची सहल नाकारते ते वाचताना नातीला कोडं पडलं होतं, मला पडलं नाही. उपकार केल्याचं कबूल केलं की समोरचा आभार मानायला लागतो, आणि आभार मानणाऱ्या माणसाला बोलता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुरकुर हाच अशा माणसांचा पगार असतो. ठरलेली मजुरी नाही, घरावर हक्क नाही, सणाच्या दिवशी देवघरापुढे मानाची जागा नाही. मग त्यांनी घ्यावं तरी काय? बोलण्याची मोकळीक. ही मोकळीक ती माणसं पुरेपूर वसूल करतात. ज्या घरात फुकट राबणाऱ्या माणसाला कुरकुरही करू देत नाहीत, ते घर कंजूष. आणि जो मदतनीस मुळीच कुरकुरत नाही त्याच्यापासून मी तरी चार हात लांब राहीन. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बावर्ची’त, १९७२ सालच्या, राजेश खन्ना ‘शांती निवास’मध्ये येतो, ज्या घरात एकही नोकर टिकत नाही. स्वयंपाक उत्तम, बोलणं मधाळ, सगळ्यांची भांडणं मिटवतो. शेवटी दागिन्यांच्या पेटीचा घोळ होतोच! त्यामागचा त्याचा हेतू चांगला असतो हे खरं, पण तोवर घरच्यांच्या जिवाला घोर लागतो तो लागतोच.

आपल्याकडे या गोष्टीची जुनी घरं शोधायची तर पैठणला जावं लागतं. एकनाथांच्या घरी एक पोरगा आला, श्रीखंड्या नावाचा. काम मागितलं, नाथांनी ठेवून घेतलं. बारा वर्षं त्यानं गोदावरीचं पाणी वाहिलं, चंदन उगाळलं, उष्टी काढली. नाथांचं घर म्हणजे दिवसरात्र पंगत. भर पावसात आलेल्या पाहुण्यांसाठी कोरडं सरपण नाही म्हणून घरातलंच लाकूड चुलीत घालणारे यजमान ते. अशा घरातलं पाणी भरणं म्हणजे काय ते बँक्सबाईंना कळायचं नाही, आमच्या आईला कळलं असतं. मग द्वारकेहून एक ब्राह्मण त्याला शोधत आला, आणि सगळ्यांना उमगलं की हा तर साक्षात कृष्ण. तोवर श्रीखंड्या नाहीसा झालेला. श्रीखंड्या ज्यात पाणी भरायचा तो रांजण नाथषष्ठीला पैठणच्या नाथवाड्यात अजून भरतात. शेकडो जण पाणी ओततात आणि ज्याच्या घागरीनं रांजण काठोकाठ भरून वाहू लागतो, त्याच्या रूपानं श्रीखंड्या येऊन गेला असं मानतात.

गोष्ट मला आवडतेच, तरी एक शंका राहते. बारा वर्षांत श्रीखंड्या एकदाही कुरकुरला नसेल? कावड खांद्यावरून उतरवताना “किती पाहुणे बोलावता हो नाथ” एवढं तरी? कथेकऱ्यांनी ते गाळलं असावं. देवानं कुरकुर केलेली भाविकांना चालत नाही.

त्याच घरात आणखी एक पोरगा आला होता, त्याचं मला जास्त कौतुक. गावबा त्याचं नाव. बुद्धीनं मंद समजला जाणारा, आणि रोज पुरणपोळी पाहिजे म्हणून हटून बसणारा. मदतीला आलाय असं त्याच्याकडे पाहून कोणी म्हटलं नसतं, हा चक्क खायला आलेला. नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी त्याला रोज पुरणपोळी घातली. पुढे नाथांचं ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अपुरं राहिलं, ते पुरं केलं याच गावबानं, असं परंपरा सांगते. पुरणपोळीची इतकी चांगली परतफेड दुसरी कुठं ऐकली नाही. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ही साधारण याच वाटेनं आलेला, अनाथ पोरगा एका घरात येतो आणि त्या घराचाच होऊन जातो. नव्वदच्या सुमारास दूरदर्शनवर तो पाहायला आमच्या गल्लीतली सगळी पोरं ज्यांच्याकडे टीव्ही होता त्या एका घरात घुसायची. त्या घराला किती गोट्ये सांभाळावे लागले ते त्यांनाच ठाऊक.

देवाची मदत नेहमी निर्वेध असते असंही नाही. जनाबाईकडे विठोबा दळायला यायचा. एकदा पहाटे जायची घाई झाली, तर आपलं पदक आणि शेला तिथंच विसरला आणि जनीची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला. चोरीचा आळ आला जनीवर, प्रकरण सुळापर्यंत गेलं. दळणाची मदत झाली पायलीभर आणि निस्तरायला लागलं एवढं. जनीनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या म्हणतात. इथं कुरकुरीचा पगार मदत करणाऱ्याला मिळण्याऐवजी घेणारीनं उचलला, पण त्या प्रसंगी तो तिचाच होता.

आणि लांब कशाला जायचं? आमच्या अड्याळात हनुमानाचं मोठं देऊळ आहे. लोक तिथं नवस बोलतात, नारळ फोडतात. हा देव मुळात एका अडचणीत सापडलेल्या कुटुंबाचा मदतनीस म्हणून आला, हे ध्यानात ठेवून कोणी हात जोडत नसेल. रामाचं घर तेव्हा बँक्सच्या घरापेक्षाही वाईट अवस्थेत. राज्य गेलेलं, बाप वारलेला, बायको पळवलेली, दोघे भाऊ रानात. मारुती काही मदतीला म्हणून आलाच नव्हता. हे दोघे कोण, कोणाचे, काय हेतूनं फिरताहेत, याची टेहळणी करायला सुग्रीवानं वेष पालटून पाठवलेला तो. म्हणजे अड्याळच्या बस स्टँडवरची चौकशीच. ती करता करता त्या घराचाच झाला. मुळी आणायला धाडला तर डोंगर घेऊन आला. अशा माणसाला काम सांगतानाही जपून सांगावं लागतं. सगळं आटोपल्यावर सीतेनं त्याला मोत्यांचा हार दिला. त्यानं एकेक मोती दातानं फोडून पाहिला, यात राम आहे का म्हणून. कीर्तनकार इथं भक्तीवर बोलतात. मला मात्र त्यात आमची मावशी दिसते, मिळालेली वस्तू चावून पाहणारी.

कारण एका दिवाळीला वडलांनी भंडाऱ्याहून तिच्यासाठी पातळ आणलं होतं. तोवर वडील हिंडूफिरू लागले होते, धान ढोलीत पडलं होतं, आणि चार दिवसांसाठी आलेली मावशी आणखी काही दिवाळ्या आमच्याकडे काढून बसली होती. तिनं पातळ उलगडलं, उजेडात नेलं, पोत चिमटीत धरून पाहिला, काठ नखानं खरवडला आणि म्हणाली, “दुकानदारानं फसवलन तुमाले जवाई. रंग जाते याचा.” आई जरा हिरमुसली. रंग खरोखरच गेला, पण ते पातळ पार विरेपर्यंत मावशीनं दुसरं नेसायला घेतलं नाही, आणि दर धुण्याला रंग गेल्याचं आठवणीनं सांगितलं.

मेरी पॉपिन्स वारं बदललं की निघून जाते, मावशी गेली ती मात्र वारं न बदलताच. तिच्या भाच्याकडे बाळंतपण होतं. बोचकं बांधलं, म्हणाली, “चार दिवसांत येतो.” आईचे डोळे भरले तर तिलाच दटावलं की रडायला वेळ आहे तर भांडी घास. बसमध्ये चढल्यावर खिडकीतून सूचना चालूच, दुधाच्या गंजावर झाकण बसत नाही, वर काहीतरी जड ठेवत जा. वाडीतल्या वालाला पाणी घाला. शेळीला ओला चारा देऊ नका. कंडक्टरनं घंटी दिली तर त्यालाही बोलून घेतलं.

सहा महिने झाले असतील. भाचसुनेचा निरोप आला की मावशी फार बोलते, तुमच्याकडे नेत असाल तर न्या. आई त्याच दिवशी बंडी जुंपायला सांगून घर सारवायला लागली. संध्याकाळी लाखांदूरकडून येणाऱ्या दुसऱ्या माणसाजवळ पुन्हा निरोप, राहू द्या, पोराला तिच्याशिवाय झोप लागत नाही.